सीट नंबर २७, महिना ९०० रुपये

आधी भाव सांगून टाकते, कारण कुणीही अभ्यासिकेबद्दल विचारलं की दुसरा प्रश्न तोच असतो. पूर्ण दिवस ९००, अर्धा दिवस ६००, लॉकरचे १०० वेगळे आणि डिपॉझिट ५००, ज्याच्या पावतीवर ‘परतीचे’ असं लिहिलंय. एसीतली सीट १,३०० ला मिळते, पण एसी फक्त मुलांच्या हॉलमध्ये आहे. त्या विषयावर नंतर येते. आत्ताच सुरू केलं तर बाकीचं राहून जाईल.

मी एमबीएच्या दुसऱ्या वर्षाला, मार्केटिंग. गाव अमळनेर तालुक्यातलं, राहते जळगावात, दोघींबरोबर एका खोलीत. गेल्या एप्रिलपासून या जानेवारीपर्यंत दहा महिने मी रिंग रोडच्या आतल्या एका गल्लीतल्या अभ्यासिकेत बसले. अभ्यासिकेचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर कुणीतरी मालकांना, म्हणजे आमच्या काकांना, स्क्रीनशॉट पाठवेल, आणि माझे ‘परतीचे’ ५०० अजून त्यांच्याच गल्ल्यात आहेत.

खाली पिठाची गिरणी, वर दोन हॉल, त्याच्यावर गच्ची. हे हॉल पूर्वी डाळीचं गोदाम होते. जळगावात डाळमिली किती आहेत हे एमआयडीसीच्या बाजूने जाणाऱ्याला सांगावं लागत नाही, नाकालाच कळतं. काकांच्या घरात वाटण्या झाल्या, मिल थोरल्याकडे गेली, धाकट्याच्या वाट्याला गिरणी आणि रिकामं गोदाम आलं. त्यांनी प्लायच्या फळ्या मारून ७४ खण पाडले, खणात एकेक खुर्ची टाकली आणि बाहेर फ्लेक्स लावला. पावसाळ्यात भिंती ओल धरतात आणि तुरीच्या चुनीचा, म्हणजे गुरांना घालतात त्या डाळीच्या चुऱ्याचा, वास सुटतो. जूनमध्ये पहिल्यांदा आला तेव्हा मला वाटलं शेजारी कुणी म्हैस बांधली. नंतर इतकी सवय झाली की पोळ्याला घरी गेले आणि गोठ्यातल्या चुनीच्या पोत्याजवळून जाताना मला कॉस्टिंगचा पेपर आठवला.

मुलींच्या हॉलमध्ये ३० सीट. आम्ही एकमेकींना नंबरानेच ओळखतो. ‘१२ आज आली नाही का?’ ‘१९ चं लग्न ठरलं.’ माझी २७ म्हणजे शेवटची रांग, भिंतीकडची. डोक्यावर पंखा नाही, कूलरचा वारा २४ पर्यंत येऊन थांबतो. तरीही मी ती मागून घेतली, कारण तिथला प्लग चालतो. ३० सीटमागे चालू प्लग ११ आहेत, मी एका दुपारी टेस्टर घेऊन मोजलेत. एमपीएससीवाल्या मुलींचं सगळं कागदावर, त्यांना वारा लागतो. मला लॅपटॉपसाठी वीज लागते. गोलाणी मार्केटमधून १६,५०० ला घेतलेला माझा सेकंडहँड लॅपटॉप बॅटरीवर चाळीस मिनिटं चालतो आणि गरम झाला की त्याचा पंखा असा घरघरतो की २६ नंबर माझ्याकडे चिठ्ठी सरकवायची, ‘तुझं विमान उतरव.’ मी काकांच्या जागी असते तर प्लगवाल्या सीटला ५० रुपये जास्त लावले असते. हे त्यांना अजून सुचलेलं नाही आणि माझं इथलं बसणं संपेपर्यंत मी सुचवलंही नाही.

मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास गेला की अभ्यासिकेची खरी परीक्षा असते. सकाळी अकराला मावशी कूलरमध्ये पाणी भरतात, वाळ्याचा वास सुटतो आणि दोनपर्यंत हॉल कसा स्वर्ग असतो. नंतर दमट होतं. वहीची पानं मऊ पडतात, पेन उमटत नाही, पुढचीच्या कुर्त्यावर खुर्चीच्या प्लास्टिकचे चौकोन उमटलेले दिसतात. वीज गेली की इन्व्हर्टरवर फक्त ट्यूब चालतात. सगळ्या वहीने वारा घेत असतात आणि कुणी बोलत नाही, कारण बोलणाऱ्याला पाच रुपये दंड आहे. हा दंड एका डब्यात जमा होतो आणि त्या डब्याचं पुढे काय होतं ते मला दहा महिन्यांत कळलं नाही.

आता वाय-फाय. फ्लेक्सवर ‘हायस्पीड’ लिहिलंय. पहाटे सहा ते आठ खरंच हायस्पीड असतं. संध्याकाळी सगळे आले की व्हिडिओ लेक्चर सुरू करायचं आणि खाली जाऊन चहा पिऊन यायचं, तोवर सरांचं तोंड उघडलेलं असतं. पण या वाय-फायमधली एक युक्ती मला फार आवडली. पासवर्ड दर महिन्याच्या ५ तारखेला बदलतो. चालू महिन्याची पावती दाखवली की काका कागदाच्या चिटोऱ्यावर नवा पासवर्ड लिहून देतात, नाही दाखवली तर हसतात फक्त. कुणाला फोन नाही, पाटीवर थकबाकीदारांची नावं नाहीत. सहा तारखेला सगळी वसुली पूर्ण. आम्हाला उधारी वसुलीवर अख्खं एक युनिट आहे, त्यात सूत्रं आहेत, एवढं सोपं काही नाही.

कॉलेजात सर म्हणतात, भोवतालचे धंदे बघा. मी वहीच्या मागच्या पानावर काकांचा धंदा मांडला होता. मुली ३०, मुलं ४४, त्यातले १२ एसीत. सगळ्या सीट पूर्ण दिवसाने भरल्या असं धरलं तर महिन्याला ७१,४०० होतात, वर्षाला ८,५६,८००. सेवांसाठी जीएसटी नोंदणीची मर्यादा २० लाख, त्यामुळे त्या बाजूने काका निवांत. जागेचं भाडं नाही. खर्च म्हणजे वीज, नेट, वर्तमानपत्रं, मावशी आणि रात्री झोपायला येणारा एक पोरगा. पण खरी कमाई अर्ध्या दिवसात आहे. सकाळी ६ ते २ एकाला ६००, दुपारी २ ते १० दुसऱ्याला ६००, म्हणजे त्याच खुर्चीचे १,२००. म्हणून नवीन कुणी आलं की काका काळजीने विचारतात, ‘पूर्ण दिवस झेपेल का? आधी अर्धा करून बघ.’ मला वाटायचं, किती माया करतात माणसाची. हिशेब मांडला तेव्हा कळलं.

दारातच एक टेबल आहे आणि त्यावर चार वर्तमानपत्रं. सकाळी आठला तिथे पाळ्या लागतात. गंमत म्हणजे त्याच वर्तमानपत्रांच्या पीडीएफ सगळ्यांच्या मोबाइलवर टेलिग्रामने आधीच आलेल्या असतात. तरी कागदाचंच हवं. २६ म्हणायची की मोबाइलवर अग्रलेख उघडला की तो संपायच्या आत मी कुणाच्यातरी साखरपुड्याचा रील बघत असते, कशी पोचले ते देवालाच माहीत. मी मात्र टेबलावर जाहिराती वाचायला जायचे. दसऱ्याच्या आसपास पहिली तीन पानं नुसत्या सोन्याच्या आणि दुचाकींच्या जाहिराती, बातम्या चौथ्या पानापासून. मुली ती पानं चिडून उलटतात आणि मी वहीत उतरवते, कुणी कुठल्या पानावर किती जागा घेतली.

हॉलच्या आत डाव्या हाताला लाकडी खणांची एक पेटी आहे, टपालघरात पत्रं लावायची असायची तशी. सीट नंबर टाकलेले आहेत. मोबाइल त्यात ठेवायचा, सक्ती नाही. सुरुवातीला मी ठेवायचे नाही, कारण नानांचा फोन येतो. नाना म्हणजे वडील, चार एकर कपाशी, आणि रोज सकाळी कापसाचा भाव ज्या ग्रुपवर येतो त्यावरचा प्रत्येक मेसेज मला पुढे पाठवतात. मी मार्केटिंग शिकते म्हणजे मला भाव वाढवता येत असावा अशी त्यांची समजूत आहे. ऑगस्टमध्ये मोबाइलने स्वतःच दाखवलं की मी रोज सरासरी पाच तास दहा मिनिटं त्याच्याकडे बघते. त्या दिवसापासून पेटीत ठेवायला लागले. चार आठवड्यांनी आकडा तीन तास चाळीसवर आला. साध्या सागवानी खणाने जे केलं ते माझ्या मोबाइलमधल्या दोन ‘फोकस’ अॅपनी केलं नव्हतं, आणि त्यातलं एक तर मला दर तासाला आठवण करून द्यायचं की मोबाइल बघू नकोस.

जून-जुलैत माझं समर प्रोजेक्ट होतं, एका बियाणं विक्रेत्याकडे, बिनपगारी. काम काय, तर ‘सोशल मीडिया सांभाळ’. मी आधी आठवडाभर छान डिझाइन केलेली पोस्टर टाकली, इंग्रजी-मराठी मिसळून. बघणारे कोण? माझ्याच वर्गातले. मग दुकानात येणाऱ्या शेतकऱ्यांना विचारत बसले की तुम्ही मोबाइलवर बघता काय. केळीवाले म्हणाले, बऱ्हाणपूर आणि रावेरचे भाव. बाकी सगळे म्हणाले, अहिराणी कॉमेडी. टिकटॉक २९ जून २०२० ला बंद झालं तेव्हा आमच्याकडची निम्मी पोरं एका रात्रीत बेकार कलाकार झाली होती, पण वर्षभरात यूट्यूबवर तीच मंडळी सासू-सुनेची भांडणं घेऊन परत उभी होती. मी मालकांना म्हटलं, पोस्टर बंद करा, त्यातल्या एखाद्या चॅनलवाल्याला बोलावून फवारणीवर दोन मिनिटांचं अहिराणी भांडण लिहून घ्या. मालक म्हणाले, ‘आपल्या कंपनीची इमेज आहे पोरी.’ प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये मी ते ‘भविष्यातील शिफारस’ म्हणून घातलं. परीक्षकांनी ते पान उलटलं.

संध्याकाळी आठनंतर कुठे जायचं हा मुलींना प्रश्न असल्यामुळे मी आणि २६ कधी कधी काव्यरत्नावली चौकापर्यंत चालत जायचो. तिथे संध्याकाळी खाण्याच्या गाड्या लागतात आणि सगळं शहर फोटो काढायला येतं. ते नाव एका मासिकाचं आहे हे मला एमबीएला आल्यावर कळलं. नारायण नरसिंह फडणीसांनी १८८७ साली याच गावातून ‘काव्यरत्नावली’ काढलं, नुसत्या कवितांचं मासिक, आणि ते कित्येक दशकं चालवलं. आमच्या वर्गात कुणी ही कल्पना धंद्याचा आराखडा म्हणून मांडली असती तर पहिल्याच स्लाइडला खाली बसवलं असतं. तसं तर बालकवींच्या कविताही त्या स्लाइडवर बसल्या नसत्या.

पण मी परीक्षण लिहितेय ते अभ्यासिकेचं, तर ती नक्की काय विकते ते सांगते. टेबल-खुर्ची खोलीतही आहे. शांतता म्हणावी तर खाली गिरणी रात्री आठपर्यंत धडधडत असते. मुलींच्या बाबतीत काका विकतात ती पावती. २६ यावल तालुक्यातली, बीएस्सी झालेली. मुख्यमंत्र्यांच्या युवा कार्य प्रशिक्षण योजनेत महिना १०,००० वर एका सरकारी कार्यालयात काम करत होती. मुदत संपली, घरी बसली आणि महिन्याभरात दोन स्थळं आली. तिने इथे नाव घातलं आणि स्थळं येणं थांबलं. कारण आता कुणी विचारलं, मुलगी काय करते, तर आईला उत्तर आहे, ‘अभ्यासिकेत जाते.’ त्या उत्तरापुढे पाहुणे बोलत नाहीत. परीक्षा कधी, जागा किती, राज्यसेवेची मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झाली म्हणजे काय झालं, हे विचारण्याइतकी माहिती त्यांना नसते आणि ‘उद्या अधिकारी झाली तर’ ही भीतीही असते. ९०० रुपयांत महिन्याची मुदतवाढ. मी तिला म्हटलं, हे सबस्क्रिप्शन मॉडेल आहे. ती म्हणाली, ‘म्हणूनच माझा बाप दर महिन्याला पैसे पाठवताना न चुकता विचारतो, बंद कधी करायचं?’

माझंही काही वेगळं नाही. नानांचा फोन आला की पहिला प्रश्न, ‘काय करी राह्यनी?’ मी म्हणते, ‘अभ्यासिकाम्हा शे.’ आणि ते समाधानाने फोन ठेवतात. एमबीए त्यांना नीट कळत नाही. त्यांच्या लेखी एमबीए म्हणजे कंपनी आणि कंपनी म्हणजे विप्रो, कारण ती आमच्या अमळनेरात निघाली, १९४५ ला, वनस्पती तुपाची. आजोबा तिचे शेअर घेणार होते म्हणे आणि ऐनवेळी बैलजोडी घेतली. तालुक्यात ज्यांनी तेव्हा शेअर घेतले आणि ठेवले त्यांची घरं आम्हाला लहानपणापासून बोट दाखवून दाखवलीत. बैलजोडी किती चांगली होती हेही आजी प्रत्येक वेळी सांगायची, डावा किती गुणी, उजवा किती तापट. शेअर घेतले असते तर आज काय झालं असतं याचा हिशेब घरात फक्त मीच करते आणि मलाच गप्प बसवतात.

तर आता एसी आणि आठ वाजताची गोष्ट.

मुलींचा हॉल सकाळी ६ ला उघडतो आणि रात्री ८ ला बंद होतो. मुलांचा चोवीस तास. भाव दोघांना ९००. म्हणजे मुलीला ताशी २ रुपये १४ पैसे पडतात आणि मुलाला १ रुपया २५ पैसे. अर्ध्या दिवसातही तेच, मुलांची दुसरी पाळी आठ तासांची, आमची सहा, ६०० मात्र सारखेच. मी हे एका कागदावर व्यवस्थित मांडून सप्टेंबरमध्ये काकांसमोर ठेवलं. त्यांनी चष्मा लावला, दोनदा वाचलं, पैशांपर्यंतचे आकडे बोटांवर तपासले आणि म्हणाले, ‘तुना हिशोब बराबर शे पोरी. पन रातले काही व्हयनं ते लोके माले इचारतीन.’ मी म्हटलं, मग निदान ८०० करा. ते म्हणाले, ‘मग तिकडची पोरं म्हणतील आमचेही करा.’ कागद त्यांनी घडी घालून गल्ल्यात ठेवला. त्यांना चूक म्हणता येत नाही याचाच मला जास्त राग आला. रात्री दहाला या गल्लीत एकच दिवा असतो, तोही गिरणीचा.

मग डिसेंबर आला आणि मुलाखतींचा हंगाम. आमच्या कॉलेजात येणाऱ्या कंपन्या मोजक्या आणि त्यातल्या निम्म्या विमा विकायला माणसं शोधणाऱ्या. त्यामुळे सगळे बाहेर अर्ज करत होतो. खाली गल्लीच्या तोंडाला झेरॉक्सचं दुकान आहे. मी रेझ्युमे छापायला गेले तर झेरॉक्सवाला दादा स्क्रीनकडे न बघताच म्हणाला, ‘ताई, तुमचाही रिझल्ट ओरिएंटेड आणि डायनॅमिक ना? सकाळपासून सहावा.’ आमच्या सगळ्यांचे रेझ्युमे चॅटजीपीटीने लिहिलेले होते. ते ३० नोव्हेंबर २०२२ ला आलं तेव्हा मी पदवीला होते आणि सरांना माहीत नव्हतं, त्या काळात असाइनमेंटला माझी मजा झाली. आता सरांनाही माहीत आहे आणि झेरॉक्सवाल्यालाही. मी ती प्रिंट घेतली नाही. वर येऊन पहिली चार वाक्यं खोडली आणि त्या जागी लिहिलं की बियाणाच्या दुकानात ५३ शेतकऱ्यांना विचारून कोणती जाहिरात चालली नाही हे शोधलं. इंग्रजी थोडं खडबडीत झालं. दादाने छापताना वाचलं आणि दोन रुपये कमी घेतले, का ते विचारायचं राहिलं.

त्याच रेझ्युमेवर पुण्यातल्या एका कंपनीचा फोन आला. किराणा दुकानदारांसाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर विकतात. मुलाखत घेणारे साहेब दिवसभर दुकानं फिरतात, म्हणून ऑनलाइन मुलाखत रात्री साडेआठला. खोलीवर त्या आठवड्यात घरमालकांच्या नातवाचं बारसं, ढोलकीसकट. काकांना विचारलं, फक्त आज साडेनऊपर्यंत बसू द्या. ते म्हणाले, हॉल उघडा ठेवला तर सगळ्या थांबतील. खरं होतं, २६ लगेच म्हणाली की मी पण थांबते. शेवटी तोडगा निघाला तो असा की मी जिन्याखाली, गिरणीच्या दारात बसायचं, तिथपर्यंत वाय-फाय येतं.

साडेआठला मी ज्वारीच्या पोत्यावर बसलेली, लॅपटॉप दुसऱ्या दोन पोत्यांवर. लॅपटॉपची वायर गिरणीच्या बोर्डात. गिरणी बंद करून पोरगा झाडत होता आणि त्या एका दिव्याखाली पीठ असं हवेत तरंगत होतं की कॅमेऱ्यात मी धुक्यात बसल्यासारखी दिसत होते. डोक्यामागे ‘कळण्याचे दळण वेगळे टाकावे’ अशी पाटी, कळणा म्हणजे ज्वारी-उडीद एकत्र दळलेलं पीठ. साहेबांनी पाच मिनिटं नेहमीचं विचारलं आणि मग थांबून म्हणाले, ‘तुमच्या मागे नक्की काय आहे?’ मी सांगितलं. ते म्हणाले, बरं, तुमच्या आसपासचा एखादा धंदा घ्या आणि त्याची किंमत कुठे चुकलीय ते सांगा. मला विचार करावा लागला नाही. २ रुपये १४ पैसे, १ रुपया २५ पैसे, अर्ध्या दिवसाची दुप्पट कमाई, ११ प्लग, ५ तारखेचा पासवर्ड, सगळं सांगितलं. पासवर्डला ते मोठ्याने हसले आणि लिहून घेतलं. मध्येच एक आजी दळणाचा डबा घेऊन आल्या, त्यांना पोराने खुणेने बाहेर थांबवलं. शेवटी साहेबांनी विचारलं, तुम्ही मालक असता तर मुलींचा हॉल किती वाजता बंद केला असता? मी म्हटलं, आठलाच, पण गल्लीत दोन दिवे लावून घेईपर्यंतच. त्या उत्तरावर ते काही बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी काकांशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी भरीत पार्टी होती, त्यामुळे बोलावं लागलं. हिवाळ्यात एकदा काका सगळ्यांना गच्चीवर भरीत घालतात. वांगी हिरवी, बामणोदच्या बाजूची, कपाशीच्या काड्यांवर भाजलेली. सालं काढून बडगीत, म्हणजे लाकडी भांड्यात, कुटायची, वर कांद्याची पात, शेंगदाणे, हिरव्या मिरचीची फोडणी, तेल हात न आखडता. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालंय हे मी सांगायला गेले तर काका म्हणाले, ‘मिळो बापडं, तू कूट.’ त्या एका संध्याकाळी दोन्ही हॉलची माणसं साडेदहापर्यंत गच्चीवर होती आणि कुणाला काही झालं नाही, हे मी कळण्याची भाकरी खाता खाता मुद्दाम मोठ्याने म्हटलं. एरवी डब्यात लसणाची चटणी आणायला बंदी आहे, एसीत वास बसतो म्हणून. आमच्याकडे एसी नाही तरी बंदी आहे.

त्यानंतर साताठ दिवसांनी जिन्याखाली एक टेबल आलं. नवीन ट्यूब, एक खुर्ची, एक चालू प्लग, मागे पाटी दिसू नये म्हणून निळी चादर. टेबलावर काकांच्या अक्षरात कागद चिकटवलेला, ‘मुलाखतीसाठी. रात्री १० पर्यंत. अगोदर सांगणे. तासाला रु. २०.’ माझी दुसरी फेरी मी तिथेच दिली. वीस रुपये दिले आणि हट्टाने पावती घेतली.

पुण्यात सहा महिन्यांची इंटर्नशिप आहे, महिना १८,०००, पुढचं ‘बघू’ म्हणालेत. नानांना सांगितलं तर म्हणाले, विप्रो आहे का? नाही म्हटलं. मग म्हणाले, तिथे अभ्यासिका आहे का जवळ?

तर हिशेबाने बघितलं तर मुलांसाठी ही अभ्यासिका स्वस्त आहे. एमपीएससीवाल्या मुलींनी १ ते १८ मधली सीट मागावी, कूलरचा वारा तिथपर्यंत भरपूर येतो, १३ तेवढी टाळा, तिच्यावर पावसात गळतं. लॅपटॉपवर काम करणाऱ्यांनी संध्याकाळच्या वाय-फायवर विसंबू नये. लॉकरची किल्ली जपा, हरवली तर ६० रुपये कापतात, माझी हरवलीय, म्हणजे ‘परतीचे’ ४४० येतील असं धरते. २७ नंबर १ तारखेपासून रिकामी होतेय. प्लग चालतो, पण पिन जरा डावीकडे दाबून बसवावी लागते आणि खाली घडी घातलेला कागद लावावा लागतो. तो कागद मी तिथेच ठेवून जाते.